दवाने सोडलेली जागा

जामसंड्याच्या वरच्या अंगाला
आंब्याच्या खोक्यांची गिरण. मी तिथे हिशेब लिहिते.
फळ्या किती, खिळे किती किलो, कुणाची उचल किती.
मागच्या कुंपणाशी पडलेला ढीग
कुठल्याच रकान्यात नव्हता.

तीन हंगामांचा ढीग.
एका टोकाला ढलप्या, सालीचे तुकडे, गाठीची लाकडं,
पुढे रंध्याचे कुरळे छिलके,
आणि बाकी सगळा, माडाच्या अर्ध्या उंचीचा, भुसा.
पट्टीकरवतीचा, रव्याहून बारीक,
ओंजळीत घेतला तर बोटांमधून पाण्यासारखा जाणारा.

कार्तिकातली सकाळ. दव पडलेलं
पत्र्यावर, दोरीवर, सायकलीच्या सीटवर.
ढीगही पांढुरका,
फक्त एका जागी नाही.
परातीएवढा गोल, कोरडा.
तिथेच लंगडी कुत्री आठ दिवस झोपत होती
आणि आम्ही म्हणत होतो,
बघा, थंडीत कशी जागा शोधलीन.

बाबल मेस्त पाच हात लांब सळई घेऊन आला.
ढिगात खुपसली. कुंपणाबाहेर जाऊन
एक विडी ओढली, विझवली, पायाने पुरली,
परत येऊन सळई उपसली.
टोकाशी गाल नेला.
लावला नाही, नुसता नेला.
"आसा," म्हणाला.

मालकांच्या तुषारने मोटार लावून पाइप सोडला.
अळवावरून जावं तसं पाणी
भुशावरून घरंगळत माझ्या चपलांपाशी आलं.
हात घालून पाहिलं, चार बोटांखाली कोरडं ठणठणीत.
मग त्याने फोन काढला, जेसीबी बोलवायला.
"एकदम उकलू नको रे.
हेका वारो गावलो तर गिरण जातली."

ढलपीला आग लागली तर ओरडते, बाबल सांगत होता.
दोन ढलप्यांमधून मांजर जाईल एवढी वाट.
वारा आत जातो, जाळ होतो, सगळ्या गावाला दिसतो,
आणि तशीच वाटेने ऊबही निघून जाते.
भुशात कणाला कण चिकटलेला.
वारा येतो तो घोटघोट,
ऊब मात्र कुठेच जाऊ शकत नाही.
जाळ नाही, आवाज नाही.
दिवसाला दोन बोटं खात, आपल्यापुरती जागा करत
धुमसत राहते.

मला आमचे दोन चुलते आठवले,
एका विहिरीवरून सोळा वर्षं न बोललेले.
म्हटलं, माणसांचंही असंच ना, बाबल?
"माणसांचा माका ठावक नाय.
भुशाचा सांगतंय."

दोन दिवस लागले.
तोंडाला ओला पंचा बांधून
घमेल्या-घमेल्याने भुसा काढला,
सड्यावर नेऊन कातळावर पातळ पसरला,
पापड वाळत घालावेत इतका पातळ,
आणि मोहोरावर मारायच्या पंपाने
धुक्यासारखं पाणी फवारत राहिलो.
ठिणग्या कातळावर चुटचुट करत मेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोकळी लागली.
माणूस बसेल एवढी, आतून काळी,
कडेला जळक्या गुळाचा रंग.
वरचं छत बाबलने मोजलं: चार बोटं.
त्या चार बोटांवर कुत्री झोपत होती.
कुणी काही बोललं नाही.
तुषारने पाइप गुंडाळून ठेवला.

सुरुवात कुठून झाली ते कळलं नाही.
कानशीची ठिणगी, कुणाची विडी,
की ओल्या भुशाची आपलीच ऊब.
बाबलला विचारलं तर म्हणाला, आता विचारून काय.

वहीत मी दोन रकाने वाढवले,
भुसा वेगळा, ढलप्या वेगळ्या.
ढलप्या काजूच्या कारखान्याला जातात.
भुसा गुडघ्याच्या वर साचू द्यायचा नाही.
सकाळी फाटकातून शिरताना
आधी दव बघते, मग कुलूप.

कुत्री आता माझ्या टेबलाखाली झोपते.
तिच्या पोटाकडच्या केसांना
अजून वास येतो.